खोडूराव साडेतीन ओळींचाच बरा

प्रश्न : घर आवरताना सातवी ते नववीच्या पाच वह्या हाती लागल्या. मागच्या पानांवर, समासात, कुठे कुठे तर गणिताच्या उत्तराच्या मधोमध माझा खोडूराव बसलाय. खोडरबराचं चौकोनी डोकं, तीन केस, एक दात आणि कायम पळायच्या बेतात. सगळं निळ्या बॉलपेनने काढलेलं. काही पानं पिवळी पडलीत, दोन ठिकाणी सेलोटेप आहे, एका पानावरचं चित्र जवळजवळ उडालंय. खोडूरावाची अर्धी अक्कल माझ्या बाकावरच्या मित्राची. त्याच्यासाठी चार चौकटींची चित्रमालिका काढून पाठवावी असं मनात आहे. पण मोठ्या ड्रॉइंग पेपरवर बसलो तर खोडूराव येतच नाही. हात तेव्हापेक्षा बरा झालाय, चित्र नेटकं येतं, पण ते दुसऱ्याच कुणाचं तरी वाटतं. कुठे चुकतंय? आणि वह्या जपायच्या कशा?
– शेवटचा बाक

उत्तर : नमस्कार. हात ठीक आहे तुमचा, गडबड बहुतेक कागदात आहे. तिकडे येऊच. पण आधी जुने खोडूराव नीट टिपून घ्या, कारण पुढचं सगळं काम त्यांच्यावर उभं राहणार आहे. एकदा चित्र काढायच्या नादी लागलात की वह्या दहादा उघडाल, शाईच्या बोटांनी उघडाल आणि शेवटी एखादं पान हातात येईल.

लॅमिनेशन करू नका, हे सगळ्यात आधी. गरम करून चिकटवलेलं प्लास्टिक पुन्हा निघत नाही आणि आतला कागद आतल्या आत पिवळा होतच राहतो. स्वस्त वह्यांच्या कागदात लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन राहिलेलं असतं. उजेड आणि हवा लागली की ते पिवळं, मग तपकिरी होतं, आणि कागदातलं आम्ल त्याला ठिसूळ करतं. बॉलपेनच्या निळ्या शाईतले रंग उजेडाने उडतात. म्हणून मूळ पान फ्रेम करून भिंतीवर लावायचा मोह आवरा. फ्रेममध्ये छापील प्रत घाला, मूळ पान अंधारात ठेवा.

सेलोटेप ओढून काढायला जाऊ नका. तिचा चिकट थर एव्हाना कागदाच्या धाग्यांत उतरलेला असतो, ओढलात तर शाईसकट पापुद्रा निघेल. वरची पट्टी आपोआप सुटली असेल तर उचलून घ्या, खालचा पिवळा डाग तसाच राहू द्या, आणि समोरचं पान त्याला चिकटू नये म्हणून मध्ये आम्लमुक्त कागदाचा तुकडा ठेवा. वहीच्या पिना गंजल्या असतील तर वही बरोबर मध्यावर उघडा, पिनेच्या वळलेल्या टोकांखाली जाड कार्डाचा तुकडा सरकवा आणि बोथट सुरीने टोकं सरळ करून पिन मागून काढा. कार्ड न ठेवता केलं तर टोक कागद फाडतं. पानं ठेवायला प्लास्टिकचे पाऊच घेणार असाल तर पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचे घ्या. मऊ, वास येणारे पीव्हीसीचे पाऊच शाईला चिकटतात आणि काही वर्षांनी खोडूराव पानावरून उठून पाऊचवर जातो. पानं आडवी ठेवा, गुंडाळू नका. आणि सॅनिटायझर लावलेल्या ओल्या हाताने पान धरू नका. बॉलपेनची शाई पाण्याला बऱ्यापैकी दाद देत नाही, अल्कोहोलमध्ये मात्र लगेच विरघळते.

उडालेल्या चित्राचं काय, तर ते बहुधा अजून तिथेच आहे. बॉलपेन दाबून चालतं, त्यामुळे रंग गेला तरी कागदावर चर राहते. खोलीत अंधार करा, पान सपाट ठेवा आणि टॉर्च पानाच्या कडेला अगदी खाली, जवळजवळ आडवा धरा. चरांच्या सावल्या पडतील आणि चित्र वर येईल. फोन सरळ वरून धरून फोटो घ्या, मग टॉर्च काटकोनात, शेजारच्या बाजूला नेऊन पुन्हा एक घ्या. प्रकाशाच्या दिशेने जाणाऱ्या रेषा पहिल्या फोटोत दिसत नाहीत, त्या दुसऱ्यात दिसतात. हीच युक्ती फाडून टाकलेल्या पानांच्या खालच्या पानांवरही करून बघा. बाईंनी जप्त केलेला एखादा खोडूराव असा परत मिळू शकतो.

आता स्कॅनिंग. सगळी पानं रंगीत मोडमध्ये 600 डीपीआयला (म्हणजे दर इंचाला 600 ठिपके) घ्या आणि टिफ किंवा पीएनजीमध्ये ठेवा. जेपीईजीत बारीक रेषांच्या कडेला धुरकट ठिपके येतात. ए4 आकाराचं पान 600 ला साधारण 4960 गुणिले 7016 पिक्सेल होतं, म्हणजे न दाबलेली फाइल 100 एमबीच्या आसपास. जागा खाते, पण पाच वह्यांतली चित्रं असलेली पानं असून असून किती असणार? स्कॅनरचं आपोआप शार्प करणं, डाग काढणं, उजळवणं सगळं बंद ठेवा. त्याला दात आणि डाग यांतला फरक कळत नाही. पानाच्या मागे काळा कागद ठेवला की पाठीमागचं लिखाण पुढे दिसायचं बरंच कमी होतं. पांढरा ठेवला तर उलट उठून दिसतं. जे चार-पाच खोडूराव मोठे करून छापावेसे वाटतील ते 1200 ला पुन्हा घ्या. 3 सेंमीचं चित्र 600 ला जेमतेम 700 पिक्सेल भरतं, म्हणजे 300 डीपीआयला छापलं तर 6 सेंमीपर्यंतच पुरतं.

स्कॅनमधल्या वहीच्या ओळी पुसायच्या असतील तर कॉपीवर पुसा, मूळ फाइलला हात लावू नका. चित्र निळं, ओळी फिक्या निळ्या आणि समासाची रेघ लाल, असं धरून सांगतो. फोटो संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये फक्त लाल चॅनेल, म्हणजे चित्रातल्या लाल प्रकाशाचा थर, उघडा. लाल रेघ जवळपास नाहीशी होईल, बॉलपेन काळं दिसेल आणि ओळी फिक्या करड्या. मग लेव्हल्समध्ये (उजळ-गडद ठरवायच्या पट्टीत) पांढऱ्या टोकाचा सरकता बाण डावीकडे आणत जा, ओळी पांढऱ्यात विरघळेपर्यंत. जास्त ओढलात तर तीन केसांपैकी एक केसही त्यांच्याबरोबर जाईल, कारण पेन उचलताना रेषेचं शेपूट ओळीइतकंच फिकं असतं. तिथे थांबा आणि उरलेल्या ओळी हाताने पुसा. निळा चॅनेल घ्यायची चूक बरेच जण करतात. त्यात निळी शाईच फिकी पडते. पेन्सिलीच्या किंवा काळ्या शाईच्या चित्रांना तो चालतो, तुमच्या नाही.

ओळी पुसूच नका असं आमचं खरं तर मत आहे, आणि तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तरही तिथेच दडलंय.

वहीतला कुठलाही खोडूराव घ्या आणि तो किती ओळींत बसतो ते मोजा. डोकं एका ओळीत, धड पुढच्या एका ओळीत, पाय दीडेक ओळीत, असं काहीतरी निघेल. आखीव पानावर काढणारा हात नकळत ओळींना टेकतो. डोक्याचा तळ ओळीवर, पट्टा ओळीवर, बूट ओळीवर. ती ओळ म्हणजे खोडूरावाचा सांगाडा होता. कोऱ्या ड्रॉइंग पेपरवर तो सांगाडा गेला आणि त्याच्या जागी तुमची आजची नजर आली. तिने डोकं थोडं लहान केलं असेल, पाय लांब केले असतील, खांदे दिले असतील. शरीराचं प्रमाण जितकं बरोबर होत जातं तितका खोडूराव हरवत जातो.

दुसरी गोष्ट रेषेची जाडी. ओळींमधलं अंतर 8 मिमी धरलं तर साडेतीन ओळींचा खोडूराव 28 मिमी उंच. बॉलपेनची रेषा साधारण 0.4 मिमी. म्हणजे रेषा उंचीच्या सत्तराव्या भागाइतकी जाड होती. तुम्ही त्याला 12 सेंमीचा केलात आणि पेन तेच ठेवलंत, तर रेषा उंचीच्या तीनशेव्या भागावर आली. तारेने बांधल्यासारखा दिसणारच. 12 सेंमीला तोच भरीवपणा हवा असेल तर रेषा 1.7 मिमीच्या आसपास लागते, म्हणजे जाड मार्कर किंवा ब्रशपेन. शिवाय छोटा खोडूराव बोटांनी काढला होता, मोठा मनगटाने आणि कोपराने काढावा लागतो. हात वेगळा वळतो, रेषाही वेगळी वळते.

तिसरी गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. वहीत पानाखाली पन्नास-साठ पानांची गादी होती. पेन थोडं आत रुतायचं, रेषा ओली आणि ठाम यायची. टेबलावर एकच कडक कागद ठेवून तेच पेन चालवलंत तर ते घसरतं. खाली आठ-दहा कागद घालून बघा, फरक पहिल्याच रेषेत कळेल.

तेव्हा ड्रॉइंग पेपर तूर्त बाजूला ठेवा आणि आखीव वहीच घ्या.

वह्यांतले दहा-पंधरा खोडूराव निवडून सारख्या आकारात छापा आणि एका रांगेत लावा. तारखेवरून किंवा शेजारच्या धड्यावरून क्रम लागतो. सातवीतला आणि नववीतला खोडूराव वेगळा दिसेल, कारण पात्र काढता काढता बदलत जातं. सुरुवातीला भराभर बदलतं, मग एका रूपावर स्थिरावतं. यातलं एक साल निवडा. सगळ्यांची सरासरी काढलेला खोडूराव कधीच अस्तित्वात नव्हता.

मग चुकांची यादी करा. डावा डोळा मोठा, दोन्ही बुटांची टोकं एकाच दिशेला, मान नाहीच, नाक थेट कपाळातून सुटलेलं, जे दिसेल ते लिहा आणि पुढे किती चित्रांत आहे ते मांडा. पंधरापैकी दहा-बारांत असेल ती चूक समजू नका, तो खोडूराव आहे. एक-दोन चित्रांतच असेल ती चूक, कदाचित तेव्हा कुणीतरी बाक हलवला असेल. पहिल्या प्रकारातलं काहीही सुधारायचं नाही, कितीही हात शिवशिवले तरी. दुसऱ्या प्रकारातलं सोडून द्या. ही यादी पुढे सतत समोर ठेवायची आहे, त्यामुळे मोठ्या अक्षरात लिहा.

यानंतर सराव, आणि तोही भरभर. ट्रेसिंग पेपर ठेवून चांगले दोन-तीन खोडूराव दहा-दहा वेळा गिरवा, दर वेळी जास्तीत जास्त अर्धा मिनिट. सावकाश गिरवलंत तर रेषा थरथरते आणि हाताला आकार कळतो, वळण कळत नाही. मग छापील चित्रं पालथी ठेवा आणि आखीव पानावर आठवणीने वीस काढा. पहिले पाच-सहा वाईट येणार, ते धरूनच चला. विसावा झाल्यावर यादीशी ताडून बघा. बहुतेकांचं दोन-तीन ठिकाणीच अडतं, आणि ती ठिकाणं दर पानावर तीच असतात. तेवढ्यांचाच पुढचा सराव.

पेन्सिलीत पूर्ण चित्र काढून मग त्यावर पेन फिरवायची पद्धत इथे टाळा. नेटकं पण निर्जीव चित्र बहुधा त्यातूनच येतं. तयार रेषेवरून जाताना पेनचा वेग मंदावतो आणि लक्ष रेषा न चुकवण्यात जातं. पेन्सिलीने फक्त तीन खुणा करा – डोक्याचा चौकोन, पट्ट्याची रेघ, बूट टेकतात ती जमीन. बाकी थेट पेनने. बिघडलं तर शेजारी दुसरा काढा. खोडूराव खोडायचा नसतो. (क्षमस्व, राहवलं नाही.) बॉलपेन वळणावर शाईचा गोळा सोडतं, म्हणून दर चार-पाच रेषांनी टोक रद्दी कागदावर पुसा. पेन्सिलीच्या खुणा शाई पूर्ण वाळल्यावरच पुसा, आणि आधी कोपऱ्यात एक रेघ मारून तिच्यावर रबर फिरवून बघा.

चित्रमालिकेसाठी आणखी दोन अडचणी येतील. एक म्हणजे त्याने तोंड वळवायला हवं. उजव्या हाताने काढणाऱ्यांची पात्रं सहसा डावीकडे बघतात, तुमचाही बहुधा तसाच असेल. उजवीकडचा हवा तर ट्रेसिंग पेपर उलटा करा, झालं. फक्त तीन केसांचं काय करायचं ते आधी ठरवा. मिकी माउसचे कान तो कुठेही वळला तरी गोलच दिसतात. खऱ्या कानांना ते जमणार नाही, पण ओळख कायम राहते. खोडूरावाचे केसही असेच कायम एका बाजूला झुकलेले ठेवता येतील. समोरून किंवा तिरपा काढताना मात्र अंदाज करत बसू नका. तुमच्या नायकाचं डोकं दप्तरात मिळतं. एक खरा खोडरबर घ्या, त्यावर मधोमध उभी रेघ आणि डोळ्यांच्या उंचीवर आडवी रेघ चारही बाजूंनी मारा, डोळे आणि दात काढा, आणि तो हातात फिरवत समोरून, तिरपा, बाजूने, मागून असे चार खोडूराव काढा. तिरप्यात पलीकडचा डोळा कडेला किती दबतो ते डोळ्यांनी दिसेल. हे चार एका कागदावर एकाच उंचीचे, एकाच जमिनीवर उभे केलेत की तुमचं मॉडेल शीट तयार.

दुसरी अडचण हात. आमचा अंदाज असा, की वह्यांतल्या निम्म्याहून जास्त खोडूरावांचे हात पाठीमागे किंवा खिशात असतील, कारण बोटं काढता येत नव्हती. त्यात लाजण्यासारखं काही नाही. रशियातल्या नोव्हगोरोदला 1956च्या उत्खननात तेराव्या शतकातल्या ऑन्फिम नावाच्या मुलाचे बर्चच्या सालीवर गिरवलेले धडे सापडले. अक्षरं गिरवता गिरवता त्यानेही घोडेस्वार आणि एक श्वापद काढून ठेवलंय, आणि त्याच्या माणसांच्या हातांना बोटं किती याचा काही नेम नाही. तुम्ही मात्र नेम ठरवा. तीन बोटं आणि अंगठा पुरे. कार्टूनमध्ये चार बोटांचा हात रूढ आहे, कारण छोट्या आकारात पाच बोटं म्हणजे नुसता फणा होतो. आकार बुटाच्या आकारावरून घ्या, म्हणजे हात परका वाटणार नाही. जिथे हात गोष्टीला लागत नाही तिथे खुशाल पाठीमागे ठेवा. तोही त्याचा स्वभाव.

चेहऱ्यावरच्या भावांसाठी एक जुना उपाय आहे. जिनिव्हात मुलांची निवासी शाळा चालवणारे रोडॉल्फ टॉप्फर विद्यार्थ्यांच्या करमणुकीसाठी चित्रकथा काढायचे. 1845 साली त्यांनी चेहऱ्यांवर एक निबंध लिहिला. कितीही वेडावाकडा गिरवलेला चेहरा असो, त्याला काहीतरी भाव असतोच, आणि एकेक रेषा बदलत गेलं की कुठली रेषा काय करते ते कळतं, असं त्यांचं सांगणं. तुम्ही एकच डोकं नऊ वेळा काढा. पहिल्या ओळीत फक्त भुवया बदला, दुसरीत फक्त तोंड, तिसरीत दोन्ही. खोडूरावाला एकच दात आहे, तेव्हा तो दात कधी दिसतो आणि कधी लपतो यावरच अर्धं काम होईल.

आता चौकटी. ए4 आडवा धरा, दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंमी समास, चौकटींमध्ये 5 मिमीच्या फटी. चार चौकटी प्रत्येकी 6.3 सेंमी रुंद येतात. उंची 7 सेंमी ठेवा. बघा, 28 मिमीचा खोडूराव यात मूळ उंचीतच मावतो, वर फुग्याला जागाही राहते. त्याला मोठा करायची गरजच नव्हती. चौकटीच्या तळाला वहीसारख्या फिक्या ओळी आखून घ्या आणि त्याच पेनने काढा.

संवाद आधी लिहा, फुगा नंतर भोवती काढा. आधी फुगा काढून आत शब्द कोंबले की शेवटचं अक्षर कायम भिंतीला चिकटतं. एका चौकटीत पंधरा-वीस शब्दांच्या वर जाऊ नका. देवनागरीला वर मात्रा आणि खाली उकार लागतात, म्हणून दोन ओळींत अक्षराच्या उंचीच्या निम्मी तरी मोकळी जागा सोडा, नाहीतर वरचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. जो आधी बोलतो त्याला डावीकडे ठेवा. उजवीकडे ठेवलात तर फुग्यांची शेपटं एकमेकांवरून जातात.

मित्राबद्दल. भेट म्हणून पाठवताना काही विचारायची गरज नाही, पण कुठे प्रसिद्ध करायचं झालं तर त्याची लेखी संमती घ्या. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, पण चित्रावर आणि लिहिलेल्या संवादावर असतो, आणि वह्यांतल्या काही रेषा त्याच्याही असू शकतात. एखादा खोडूराव तुमच्या यादीत कुठेच बसत नसेल, केस उलटे, दात भलतीकडे, तर तो बहुधा त्याने काढलेला आहे. तो स्कॅन वेगळा ठेवा आणि मूळ आकारात छापून सोबत पाठवा.

आणि चौथी चौकट भरू नका. तिच्यात फक्त तळाच्या ओळी आखा, आणि पाकिटात तुमच्याच जातीचं एक निळं बॉलपेन टाका. कागद दुमडू नका. घडी नेमकी दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकटीच्या मधल्या फटीवर पडली तर चालेल, पण ती तशी कधीच पडत नाही.